वठलेल्या झाडावरचा समाज

पक्ष्यांच्या समाजजीवनाविषयी बोलू लागले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम कावळे उभे राहतात. एक कावळा मेला तर शंभर गोळा होतात. त्यांच्या खालोखाल सातभाई. सात असोत वा दहा, एकमेकांची संगत न सोडता, झुडपाखालचा पाचोळा उलथीत आणि अखंड भांडत ते दिवस काढतात. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला खोपे टांगणाऱ्या सुगरणींची वस्तीही आपण पाहिलेली असते. या मंडळींत सुतार पक्ष्याचे नाव कोणी घेत नाही. भर दुपारी एखाद्या खोडावर टकटक करीत वर सरकणारा आणि आपल्याकडे कोणी पाहत आहे असे कळताच खोडाच्या पलीकडे दडणारा हा पक्षी आपल्याला एकलकोंडा वाटतो. समाज म्हणजे केवळ घोळका असेल, तर तो समज खोटाही नाही. परंतु समाज म्हणजे घोळका नव्हे. कोणी कोणाबरोबर राहावे, घर कोणी बांधावे, पोरांना कोणी भरवावे, ती वेगळी कधी निघावीत आणि मागे राहिलेली वास्तू कोणाकडे जावी, या प्रश्नांची जी ठरीव उत्तरे एखादी जात पिढ्यान्‌पिढ्या देत आलेली असते, त्यांना समाजव्यवस्था म्हणावे. या अर्थाने पाहिले तर सुतार पक्ष्याइतका विचार करायला लावणारा पक्षी विरळाच.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेल्या आणि अंगणातली माती लांब चोचीने टोचणाऱ्या हुदहुद्यालाच सुतार म्हणतात. तो निराळा. आपला सुतार लाकडावर काम करतो. संस्कृतात त्याला दार्वाघाट, म्हणजे लाकडावर आघात करणारा, असे नाव आहे. यजुर्वेदात अश्वमेधाच्या प्रकरणी निरनिराळ्या देवतांना निरनिराळे प्राणी नेमून दिले आहेत, त्यांत हा दार्वाघाट वनस्पतींच्या वाट्याला आलेला आहे. झाड आणि हा पक्षी यांचे नाते इतक्या प्राचीन काळी कोणाच्या तरी डोळ्यांत भरले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हिंदीभाषी मुलखात याच पक्ष्याला कठफोडवा म्हणतात.

अशा मुलखातच माझा या पक्ष्याशी निकटचा परिचय झाला. झाशीच्या पूर्वेस, बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात, गरौठा तहसिलीत गुरसराय हे गाव आहे. मराठी माणसाला ते सर्वस्वी परके नाही. १७२९ मध्ये थोरल्या बाजीरावांनी छत्रसालाच्या साहाय्यास धाव घेतली आणि पुढे बुंदेलखंडाचा एक भाग पेशव्यांकडे आला. त्या राज्यविस्ताराबरोबर जी मराठी कुटुंबे या भागात येऊन स्थायिक झाली, त्यांपैकीच एका घराण्याकडे गुरसरायची जहागीर होती. आता जहागीर नाही; परंतु ‘मार’ आणि ‘काबर’ या नावांनी ओळखली जाणारी काळी जमीन, शेताच्या बांधावरचे मोह, नाल्याकाठचे पळस आणि वस्तीभोवतीचे कडुनिंब व पिंपळ आहेत. या झाडांवर सुतार पक्ष्यांच्या दोन जाती सहज दृष्टीस पडतात.

त्यांपैकी मोठा तो सोनपाठी सुतार. आकाराने साळुंकीहून मोठा. पाठ सोन्याच्या पत्र्यासारखी झळझळीत, गळा काळा आणि त्यावर पांढऱ्या रेघा. नराचे सगळे डोके व तुरा लालभडक असतो. मादीचा मागचा तुरा तेवढा लाल आणि कपाळ काळ्यावर पांढरे ठिपके असलेले. दुसरा लहान, बुलबुलाएवढा. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची बंडी घातलेला, माथा पिवळसर आणि पोटावर शेंदराचे बोट पुसावे तसा तांबडा डाग. याच्या नरालाच डोक्यामागे लाल पट्टा असतो. या लहान पक्ष्याचे नाव मोठे मौजेचे आहे. १८०१ मध्ये जॉन लेथॅम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने या जातीला मराठ्यांच्या मुलखावरून ‘मराटेन्सिस’ असे लॅटिन नाव दिले. आपण त्याला मराठा सुतार म्हणतो. वास्तविक हा पक्षी भारताच्या फार मोठ्या भागात राहतो; पण नाव मराठी आणि बिऱ्हाड बुंदेलखंडात, असा हा पक्षी गुरसरायसारख्या गावी पाहताना मराठी माणसाला थोडी गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

या पक्ष्याचे सगळे जीवन त्याच्या अंगच्या हत्यारांवर उभे आहे. पायांची दोन बोटे पुढे व दोन मागे वळलेली असल्यामुळे त्याला उभ्या खोडावर घट्ट पकड घेता येते. शेपटीची पिसे ताठ असतात. ती खोडाला टेकवून तो तिपाईसारखा स्थिर होतो. जीभ लांब असून तिचा सांगाडा कवटीला मागून वळसा घालून वर गेलेला असतो. त्यामुळे लाकडातल्या भोकात ती खोलवर सोडता येते. इतके घाव घालून याचा मेंदू शाबूत कसा राहतो, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कवटीत धक्का शोषून घेणारी काही योजना असावी, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान चित्रफितींच्या साहाय्याने असे दिसून आले की कवटी गादीसारखी नव्हे, तर हातोड्यासारखी ताठ वागते. मेंदू सुरक्षित राहतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे. हातोड्याला गादी बांधली तर खिळा ठोकला जाणार नाही, हे कोणताही सुतार सांगेल.

आता समाजजीवनाकडे वळू. गावाबाहेरच्या तळ्याच्या पाळीवर एक मोह वठून उभा होता. साल निम्मीअधिक गळालेली, दोनतीन जाड फांद्या शिल्लक. मराठा सुतारांच्या एका जोडीने या झाडावर दोन हंगाम संसार केला, आणि कचेरीची वेळ होण्यापूर्वी व संध्याकाळी मला तो पाहता आला. पक्षिनिरीक्षणाला फारसे साहित्य लागत नाही. एक दुर्बीण, एक वही आणि एकाच जागी बसण्याचा धीर पुरे.

माघाच्या अखेरीस पहिली वर्दी मिळते ती नादाची. किडे काढताना होणारी टकटक अनियमित असते. दोन घाव, थांबणे, पुन्हा एक घाव. पण विणीचा काळ जवळ आला की नर एखादी पोकळ, वाळकी फांदी निवडतो आणि तिच्यावर इतक्या जलद चोच आपटतो की एकेक घाव वेगळा ऐकू न येता एकच घरघराट उठतो. इतर पक्षी गातात, हा नगारा वाजवतो. अर्थ तोच: ही जागा माझी आहे, परक्याने येऊ नये, जोडीदारणीने यावे. सोनपाठी सुताराचा भर मात्र या वादनापेक्षा आपल्या खिदळल्यासारख्या कर्कश ओरडण्यावर अधिक असतो. मोहाच्या झाडावरचा नर ठरावीक दोनच फांद्यांवर हा नगारा वाजवी. ओल्या लाकडातून तो नाद निघत नाही. म्हणजे या समाजातला पहिला व्यवहार, सीमा जाहीर करण्याचा आणि विवाह जुळवण्याचा, वठलेल्या लाकडावाचून होतच नाही.

त्यानंतर घराचे काम निघते. आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला जागा निवडलेली होती, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरू नये. नर आणि मादी आळीपाळीने काम करीत. एकाची पाळी पंधरावीस मिनिटांची. मग दुसरे येऊन जवळ बसे, हलका आवाज करी, आणि पहिले उडून जाई. आरंभी लहान लिंबाएवढे तोंड दिसू लागले. पुढे कारागीर अर्धा आत गेला, मग सगळाच दिसेनासा झाला आणि तोंडातून चोचीने भुसा बाहेर फेकला जाऊ लागला. तीन आठवड्यांच्या आत घर तयार झाले. ही मुदत श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे. आत गवत नाही, कापूस नाही. लाकडाचा जो चुरा तळाशी राहील तेच अंथरूण. बिळांत अंडी घालणाऱ्या अनेक पक्ष्यांप्रमाणे याचीही अंडी पांढरी असतात. अंधारात रंगाचा उपयोग नसतो. ती साधारणपणे तीन.

अंडी उबवण्याच्या कामात दोघांचा वाटा असतो. दिवसा पाळ्या बदलत. परंतु सूर्य मावळताना दर वेळी नरच आत शिरे आणि सकाळी तोच बाहेर येई. सुतार पक्ष्यांच्या बहुतेक जातींत रात्रीची राखण नराकडेच असते. पक्ष्यांच्या जगात मादीने उबवावे आणि नराने गावे ही वाटणी इतकी सामान्य आहे, की रात्रभर पोरांपाशी राहणारा हा बाप विशेष उठून दिसतो. पिले जन्मतात तेव्हा आंधळी आणि उघडी असतात. तीच थोड्या दिवसांत घराच्या तोंडाशी येऊन असा ओरडा करतात, की झाडाखालून जाणाऱ्या गुराख्याचीही मान वर व्हावी. दोघे चोचीत अळ्या व मुंग्या धरून येत, आणि परत जाताना पुष्कळदा पिलांची घाण बाहेर नेऊन टाकीत.

येथवर ही आदर्श कुटुंबाची कथा झाली. यापुढचा भाग आपल्या मनाला तितका रुचणारा नाही. पिले बाहेर पडल्यावर काही दिवस सगळे कुटुंब एकत्र हिंडले. पाच पक्षी एकाच आमराईत एकमेकांना हाका देत फिरताना दिसले. पोरे खोडावर चढायला शिकत आणि जुन्या सवयीने चोच उघडून आईबापांच्या मागे लागत. पुढे आईबाप भरवीनासे झाले. नंतर एकाच खोडावर बसू देईनासे झाले. आणि पहिला दमदार पाऊस होऊन गेल्यावर पोरे त्या भागात दिसेनाशी झाली. नर आणि मादी दोघे तेथेच राहिली, पण तीही रात्री निरनिराळ्या ढोलींत निजू लागली. दुसऱ्या वर्षी हाच क्रम पुन्हा घडला. जुने घर रिकामे पडले होते, तरी जोडीने शेजारच्या फांदीत नवे कोरले.

पावसाळा सरल्यावर मात्र आणखी एक प्रकारचा समाज पाहायला मिळतो. थंडीच्या सकाळी झाडोऱ्यातून पाखरांची एक मिश्र टोळी फिरते. शेंड्याला निखार, पानांत सुभग, फांद्यांवर रामगंगा, मधूनच पिसारा फुलवणारा नाचण, आणि खोडावर हा मराठा सुतार. ज्याचे त्याचे खाणे वेगळे, म्हणून भांडण नाही. डोळे मात्र अनेक, म्हणून शिकऱ्याची वर्दी लवकर मिळते. सुतार पक्ष्याला या संगतीचा लाभ अधिक, कारण खोडात चोच खुपसली असता त्याला मागचे दिसत नाही. अमेरिकेतील डाउनी नावाच्या लहान सुतार पक्ष्यावर किंबर्ली सलिव्हन यांनी केलेले संशोधन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. टोळीतल्या सोबत्यांचे आवाज कानी पडत असले, की हा पक्षी मान वळवून टेहळणी करण्यात कमी वेळ घालवतो, असे त्यात दिसून आले. शेजाऱ्याच्या भरवशावर निर्धास्तपणे काम करावे, हा व्यवहार आपल्याला काही नवा नाही.

आता मुख्य प्रश्न. आईबापांनी इतक्या कष्टाने वाढवलेली पोरे दोन महिन्यांत वेगळी का निघतात? आईबापांजवळ राहून ती पुढच्या वर्षी धाकट्या भावंडांना का भरवीत नाहीत? हा प्रश्न अस्थानी नाही; कारण सुतार पक्ष्यांच्याच कुळात अशी एकत्र कुटुंबे आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध पाहायचे तर गुरसराय सोडून फार लांब, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जावे लागेल.

ओरेगनपासून मेक्सिकोमार्गे थेट कोलंबियापर्यंत ओक वृक्षांच्या रानांत एक सुतार पक्षी राहतो. तो ओकची फळे साठवतो. त्यासाठी त्याचे कुटुंब एखादे जुने झाड कोठार म्हणून वापरते आणि त्याच्या सालीत व वाळलेल्या लाकडात हजारो भोके पाडते. एका भोकात एक फळ, ठोकून बसवलेले. फळ वाळून आकसले की ते सैल होते. मग ते काढून लहान भोकात बसवावे लागते. हे काम हिवाळाभर चालू असते. असे कोठार एका पिढीत तयार होत नाही. आजोबांनी पाडलेल्या भोकांत नातवंडे फळे ठोकतात. कॅलिफोर्नियातील हेस्टिंग्ज येथील विद्यापीठाच्या राखीव रानात या पक्ष्यांचा अभ्यास १९६८ पासून चालू आहे. पायांत रंगीत कडी घालून एकेका पक्ष्याची ओळख ठेवलेली असल्यामुळे कोण कोणाचा मुलगा आणि कोणाची बहीण, याची वंशावळच तेथे तयार झाली आहे.

त्या नोंदींतून जे कुटुंब दिसते ते असे. काही भाऊ मिळून एका घरात राहतात. त्यांच्याबरोबर बहुधा बहिणी-बहिणी असलेल्या एक ते तीन माद्या. आणि शिवाय मागल्या वर्षांची मोठी झालेली मुले, जी स्वतः संसार न मांडता धाकट्यांना भरवतात आणि कोठार राखतात. सर्व माद्या एकाच ढोलीत अंडी घालतात. येथवर ऐकून कोणाला हा रामराज्याचा नमुना वाटेल. पण एका बहिणीने आधी अंडे घातले, तर दुसरी ते बाहेर नेऊन फोडते आणि सगळी मिळून ते खातात. स्वतःचे अंडे घातल्यावर मात्र ती हे थांबवते, कारण आता कोणते अंडे कोणाचे हे तिला ओळखता येत नाही. संयुक्त घरट्यांत घातलेल्या अंड्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अशी नष्ट होतात. त्याच बहिणी पुढे सगळ्या पिलांना सारख्याच निष्ठेने भरवतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना प्रेम आणि चढाओढ एकाच छपराखाली कशी नांदतात, हे सांगायला नको.

खरा कलह पेटतो तो वारसाचा. कुटुंबातल्या प्रजोत्पादक माद्या मेल्या की ती जागा घरच्या मुलींना मिळत नाही, कारण तेथले नर त्यांचे बाप व चुलते असतात. नर मेले तर मुलांचीही तीच गत. जागा भरायची ती बाहेरच्यांनी. मग आसपासच्या कुटुंबांतील बहिणींचे किंवा भावांचे गट त्या कोठारावर चालून येतात आणि कित्येक दिवस लढाई चालते. साहस बर्वे या भारतीय संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या पाठीवर हलकी रेडिओयंत्रे बसवून या लढायांचा मागोवा घेतला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. लढणारे पक्षी दिवसच्या दिवस झुंजतात, हे तर दिसलेच. पण ज्यांना त्या जागेशी काही कर्तव्य नाही असे पक्षीही आपले कोठार सोडून, कधी तीन किलोमीटरांवरून, केवळ लढाई पाहायला येतात, असे आढळले. याच संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की भावांबरोबर वाटून संसार करणाऱ्या नराची आयुष्यभरातली संतती एकट्याने संसार करणाऱ्यापेक्षा अधिक भरते, कारण त्याला ती जागा अधिक वर्षे टिकवता येते.

महसुली कामात ज्याचे आयुष्य गेले त्याला या वृत्तांतात अपरिचित असे काही नाही. जे घराणे एखादी न वाटता येणारी मिळकत धरून असते, त्याची माणसे एकत्र राहतात, एकमेकांच्या तक्रारी करतात, वारसाची वाट पाहतात आणि वेगळी निघत नाहीत. कोठाराचे झाड ही अशीच मिळकत आहे. ते तोडून अर्धे घेता येत नाही आणि नवे उभारायला आयुष्य पुरत नाही. म्हणून पोरे घरी राहतात.

हा केवळ तर्क नव्हे. याची परीक्षा झालेली आहे, ती दुसऱ्या एका जातीवर. अमेरिकेच्या आग्नेय भागातील जुन्या पाइन वृक्षांच्या रानांत ‘रेड-कॉकेडेड’ नावाचा सुतार राहतो. तो वठलेल्या नव्हे, जिवंत पाइनच्या खोडात घर कोरतो. भोवती राळ वाहत राहते, तिच्यामुळे साप वर चढू शकत नाही. पण जिवंत लाकूड कठीण. एक घर पुरे व्हायला बहुधा वर्षांमागून वर्षे लागतात. या जातीत तरुण नर आईबापांजवळ राहून धाकट्यांना वाढवतात. संशोधकांच्या मनात आले की ही मातृपितृभक्ती आहे की घरांची टंचाई? उत्तर कॅरोलिनात त्यांनी २० ओसाड ठिकाणी झाडांत यंत्राने ढोली कोरून दिल्या. त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. २० पैकी १८ ठिकाणी पक्षी राहायला आले, आणि जेथे ढोली दिल्या नव्हत्या ती तशीच रिकामी राहिली. इतके दिवस आईबापांची सेवा करणाऱ्या मुलांपैकी कित्येकांनी तयार घर दिसताच आपला संसार मांडला. पुढे हीच युक्ती त्या जातीच्या रक्षणाला उपयोगी पडली. १९८९ च्या ह्यूगो वादळात दक्षिण कॅरोलिनातील रानाची वाताहत झाली, तेव्हा कोरून दिलेल्या ढोलींनीच उरलेल्या पक्ष्यांना आसरा दिला. अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली ही जात २०२४ मध्ये त्या यादीतून एक पायरी सुरक्षित मानली गेली.

आता गुरसरायच्या मोहाकडे पुन्हा पाहिले म्हणजे तेथल्या पोरांचे वागणे कठोर वाटत नाही. त्यांच्यामागे कोठार नाही. मुंग्या आणि अळ्या साठवून ठेवता येत नाहीत. घर जुने मिळावे म्हणून थांबण्याचेही कारण नाही; वठलेल्या, मऊ झालेल्या लाकडात नवे घर तीन आठवड्यांत होते. वारसा नाही म्हणून वाट पाहणे नाही. वाट पाहणे नाही म्हणून अंडी फोडणारी बहीण नाही आणि लढाईही नाही. जोडीचा लहान, मोकळा संसार आणि एकत्र कुटुंबाचा मोठा, गुंतागुंतीचा कारभार ही दोन्ही एकाच कुळाची उत्तरे आहेत. स्वभाव एकाचा प्रेमळ आणि दुसऱ्याचा रुक्ष, असे नव्हे. लाकूड निराळे, म्हणून समाज निराळा.

पण या मुक्त संसाराची एक अट आहे. वठलेले झाड दर वर्षी, आवाक्यात, उभे सापडले पाहिजे. ते असेल तर नव्या जोडप्याला हक्काने वेगळे निघता येते. ते नसेल तर या पक्ष्याला आईबापांकडे परत जाण्याची सोय नाही. त्याच्या रीतीत ते उत्तरच नाही. अमेरिकेतील संशोधकांनी घरे वाढवून काय होते ते पाहिले. घरे कमी केली तर काय होते, हा उलटा प्रयोग आपण आपल्या गावोगाव नकळत करीत आहोत.

या प्रयोगाची झळ एकट्या सुताराला लागत नाही. मोहाच्या फांदीतले त्याचे पहिल्या वर्षीचे घर दुसऱ्या वर्षी रिकामे राहिले नाही. तेथे रामगंगेची जोडी राहायला आली. सोनपाठी सुताराच्या मोठ्या ढोलींत पोपट, साळुंक्या, पिंगळे, दयाळ अशी बिऱ्हाडे येऊन राहतात. यांपैकी कोणालाही कठीण लाकडात स्वतः भोक पाडता येत नाही. आपल्या गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी सुताराची जी जागा होती, तीच या पक्ष्याची झाडांवरच्या गावात आहे. फरक इतकाच, की हा बलुते मागत नाही. पिंगळा रात्री शेतातले उंदीर व किडे टिपतो, साळुंकी नांगरामागून अळ्या वेचते. म्हणजे बलुते द्यायचेच झाले तर ते शेतकऱ्याने द्यायचे आहे.

आणि तो देतो काय? वठलेले झाड ही आपल्या दृष्टीने तोडायची वस्तू. दफ्तरात ‘सुकी, निरुपयोगी झाडे’ असा शेरा पडतो आणि लिलाव होतो. यात कोणाची दुष्ट बुद्धी नसते. बुंदेलखंडासारख्या रुक्ष मुलखात सरपणाची वाण आहे; चूल पेटायला लाकूड लागते, आणि ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याला पाखरांच्या घराचे महत्त्व सांगणे शोभत नाही. तेव्हा वठलेले एकही झाड तोडू नये, असा हट्ट कोणी धरू नये. पण तळ्याच्या पाळीवर, गायरानात, शाळेच्या आवारात, देवराईत, जेथे झाड पडून कोणाच्या अंगावर येण्याचे भय नाही, तेथे एखादे वठलेले झाड उभे ठेवणे कठीण नाही. फांद्या सरपणाला न्याव्या आणि दोन पुरुष उंचीचे खोड सोडावे, इतकी तडजोड पुष्कळ आहे. ‘निरुपयोगी’ हा शेरा मारण्यापूर्वी खोडाला लिंबाएवढे गोल भोक आहे की काय, एवढे मान वर करून पाहावे. भोक असेल तर ते झाड निरुपयोगी नाही; तेथे कोणी तरी राहते आहे.

झाड मरते ते एकदा, पण त्यानंतरही ते कित्येक वर्षे उभे असते. त्या वर्षांत त्यावर पाने येत नाहीत आणि फुलेही गळत नाहीत. मात्र माघ सरत आला की त्याच्या पोकळ फांदीवर नगारा वाजतो आणि एका नव्या संसाराला जागा मिळते. वेदकाळी हा पक्षी वनस्पतींच्या स्वाधीन केला होता. त्याच्यासाठी वनस्पती शिल्लक ठेवणे हे आता आपल्या हाती आहे.